तोंड उघडायची सवय

"आज नुसता गालाला हात लावायचा. तोंडात काही घालायचं नाही," बाई दारातून म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? घाई केलीस तर ती जन्मात कधी तोंडाला हात लावू देणार नाही."

"व्हय बाई."

मी माईंच्या खाटेच्या पायथ्याशी मांडी घालून बसले होते. मांडीत जुना टॉवेल आणि टॉवेलात साखर. साखर म्हणजे बाईंची मांजर. दुधावरच्या सायीच्या रंगाची, शेपटी झुबकेदार, आणि तोंडाला असला घाण वास की जांभई दिली तर माणसानं उठून खिडकी उघडावी. मी तिच्या गालावर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तिच्या घरात बिनभाड्याची राहते. ते खरंही होतं म्हणा.

खाटेवरून माई बघत होत्या. त्यांचं बोळकं तोंड आत ओढलं गेलं होतं. त्यांचे दात स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, कॉफीच्या रिकाम्या बाटलीत पाण्यात ठेवलेले होते.

सतरा वर्षं झाली याला. सांगलीत शरयू बापटबाईंच्या बंगल्यावर मी माणूस सांभाळायच्या कामाला होते. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूल नाही, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. घरात त्या, त्यांच्या सासूबाई म्हणजे माई, आणि साखर. मी नवऱ्याला सोडून आलेली. माहेरी भावजयीनं उंबऱ्यावरच विचारलं होतं, "किती दिवस?" त्यामुळं बंगल्यामागची ती पत्र्याची खोली, तिचा तो गळका नळ, हे मला राजवाड्याहून मोठं होतं. पण मी होते ब्यूरोकडून. बाईंनी उद्या फोन केला की परवा दुसरी बाई येणार आणि मी रस्त्यावर.

तर साखरच्या हिरड्या लाल झालेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून बघितला आणि म्हणाले, रोज ब्रश करा, नाहीतर भूल देऊन दात काढावे लागतील. भूल म्हटल्यावर बाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांची आधीची मांजर भुलीतून उठलीच नव्हती. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं: पहिले काही दिवस फक्त गालाला हात. मग ओठ वर करायचा आणि सोडून द्यायचा. मग बोटाला ओलं फडकं गुंडाळून दातावरून फिरवायचं. शेवटी लहान बाळाचा मऊ ब्रश, नुसत्या पाण्यानं, माणसांची पेस्ट अजिबात नाही. प्रत्येक वेळी शाबासकी आणि खाऊ. जबरदस्ती कधी नाही.

घरी आल्यावर बाई मला म्हणाल्या, "हौसा, पौषात माईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तोपर्यंत साखरनं मुकाट्यानं ब्रश करून घेतला, तर मागची खोली तुझी. ब्यूरो नाही, काही नाही. कागदावर लिहून देते."

मी देवघरातल्या देवाला नमस्कार घातला नाही, बाईंनाच घातला.

आता माईंच्या दातांचं सांगते. मी आषाढात कामाला लागले तेव्हा माईंची कवळी तोंडात होती आणि तिच्या आत जीभ होती, ती म्हणजे नुसती कात्री. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "मासळी खातेस का गं?" मी व्हय म्हणाले. "मग तुझा कप वेगळा. आणि माझ्या अंगाला हात लावायच्या आधी साबणानं धुवायचे." कान तुटलेला कप दिला मला. त्यांची घाण मी काढायची, आणि विटाळ त्यांना माझा व्हायचा! गिळलं सगळं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला अक्कल होती, खोली नव्हती.

गौरीजेवणाला शेजारच्या बायका आल्या होत्या. माईंनी त्यांच्यासमोर बाईंना म्हटलं, "हिनं आधी माझा मुलगा खाल्ला, आता मला उपाशी मारतेय." बायका ताटात बघायला लागल्या. बाई वाढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कवळी धुऊन आणली तर बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हिरडीला जखम झालीय. काही दिवस नको."

जखम आठ दिवसांत भरली. कवळी फळीवरच राहिली. मी एकदा आठवण करून दिली, तर बाई भाजी चिरता चिरता थांबल्या. "हौसा, माझा नवरा गेला त्या दिवशी, प्रेत घरात असताना, पन्नास माणसांत त्यांनी मला म्हटलं होतं, नवरा खाल्लास म्हणून. बारा वर्षं रोज ऐकलं. आता या घरात जरा शांत वाटतंय. तू दर गुरुवारी बाटलीतलं पाणी बदल, एवढंच काम तुझं. आणि त्यांना दात घातलेस तर त्याच दिवशी पिशवी भर."

खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. कात्री म्यान झाली होती.

दात नाहीत म्हणजे माईंचं बोलणं नुसतं फसफस. कुणाला काही कळेना. हात कापायचे, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं लिहून दाखवणंही नाही. बाहेरच्यांना बाई सांगायच्या, "हिरडी दुखते, कवळी सोसत नाही. आणि तोल गेलाय हो, काहीबाही बडबडतात." मला मात्र दोन महिन्यांत सगळं कळायला लागलं. सतत ऐकलं की कळतंच. माई दिवसभर एकच म्हणायच्या. दात दे.

मुकुंदभाऊ म्हणजे माईंचे धाकटे चिरंजीव, इंदूरला असायचे. दिवाळीत त्यांचा फोन आला. बाईंनी मोठ्या आवाजावर लावला. "वहिनी, मी सोहळ्याला येतोय. आईला इकडं न्यावं असं मनात आहे. पण तिनं स्वतःच्या तोंडानं 'चल' म्हटलं पाहिजे, नाहीतर इथं येऊन रोज सांगलीची आठवण काढत रडेल."

"त्यांना विचारा की," बाई म्हणाल्या आणि फोन माईंच्या तोंडाशी धरला. माई जीव तोडून बोलल्या. तिकडं मुकुंदभाऊ म्हणाले, "काय? काय म्हणतेय ती?" बाई म्हणाल्या, "तब्येतीला जप म्हणतायत." माई इंदूरला गेल्या आणि तिथं दात बसले की पहिली गोष्ट या बाटलीची सांगणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

माईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदरानं पुसलं, साबणानं हात न धुता.

इकडं साखरचं गाडं गालावरच अडलेलं. ओठ वर केला की फिस्कारायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटाला चिकनचं नाहीतर मासळीचं पाणी लावा, चटावेल. बाई ओरडल्याच, "या घरात? सासऱ्यांच्या देवांसमोर? तूप लाव!" तूप लावलं. मेली तूप चाटायची आणि दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून घ्यायची. बाईंच्या घरी दहीभात खाऊनच तिचे दात सडले होते, तिला तुपाचं काय कौतुक! माझ्या मनगटावर ओरखडे, पौष जवळ येतोय, आणि खोली जातेय.

मग सुट्टीच्या दिवशी मी शनिवारच्या बाजारात गेले, मूठभर सुकट घेतली आणि कुपवाडला मावसबहिणीकडं उकळली. पाणी गाळून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलं. सोमवारी बोटाला तेच पाणी लावून बसले. साखरनं एकदा हुंगलं आणि माझं बोट तोंडात घेतलं. अख्खं! मी दातांवरून फिरवते आहे आणि ती डोळे मिटून घुरघुरते आहे. चार दिवसांत फडकं. आणखी आठवड्यात ब्रश. मी म्हणायचे, "उघड गं सोन्या, आऽऽ कर," आणि ती आ करायची. बाई दारातून बघून टाळ्या वाजवायच्या, "हौसा, तुझा हात काय हलका आहे गं!"

माईंच्या नाकाला मात्र काही झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मान उचलली, दोनदा हुंगलं, आणि बोळक्या तोंडानं हसल्या.

"मासा," म्हणाल्या.

मी बाटली पदराखाली घेतली. "गप बसा माई. औषध आहे."

"मासा. देवाच्या घरात." मग हसू थांबलं. माझ्या हातावर त्यांचा कापरा हात आला, साबणाबिबणाचं काही न बघता. "मी सांगणार नाही. तू दात दे. मुकुंद येईल तेव्हा. एकदाच. 'मला ने' एवढंच म्हणेन."

"बघू," मी म्हणाले.

त्यांनी ते 'हो' धरलं. त्या दिवसापासून त्यांची तालीम सुरू. मला ने, मला ने, मला ने. आणि एक नवंच खूळ. मी साखरला आ कर म्हटलं की माईही आ करायच्या. आपण बाळाला भरवताना आपलंच तोंड उघडतं ना, तसं मला आधी वाटलं. पण नाही, त्या मुद्दाम करायच्या. आज्ञेत राहिलं की मिळतं, हे त्यांनी महिनाभर बघितलं होतं. मी गंमत म्हणून म्हणायचे, "शाब्बास माई, तुमचा पण पहिला नंबर." बाईंना सांगितलं. बाई हसल्या. मीही हसले. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

सोहळ्याच्या दोन दिवस आधी बाई साडी आणायला गेल्या. घरात कुणी नव्हतं. मला काय वाटलं देव जाणे, दया आली असेल. मी फळीवरून बाटली काढली, कवळी धुतली, माईंच्या पुढं बसले.

"तोंड उघडा. बघू बसते का."

जरा ढिली झाली होती, पण बसली. गाल वर आले. एकदम बाईमाणूस दिसायला लागलं समोर, गोरी, नाकेली, तरणेपणी देखणी असणार अशी. माईंनी दातांवरून जीभ फिरवली. ओठ हलवून बघितले. मी वाट बघत होते. वाटलं, आता म्हणतील, हौसा, तुझं भलं होवो.

"हाताला मासळीचा वास येतोय तुझ्या," माई खणखणीत म्हणाल्या. "धुऊन तरी यायचंस, भवाने."

अगं आई गं! चार महिन्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं तर हे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आगीपेक्षा भीती जास्त. ही बाई गप बसणार? भरल्या घरात, मुलगा, भटजी, शेजारणी सगळे असताना? हिच्या जिभेवर येईल ते बाहेर पडतं. 'देवाच्या घरात मासा शिजवते ही' एवढं एक वाक्य निघालं की बाई मला त्याच साडीत बाहेर काढतील.

माईंना कळलं असावं. लगेच माझा हात धरला. "चुकलं गं. सवय आहे मेली. नाही सांगणार. देवाशपथ."

"काढते आता. परवा मुकुंदभाऊ आले की घालते."

"नक्की?"

"नक्की. आ करा."

त्यांनी आ केला. मी कवळी काढली, बाटलीत टाकली, झाकण घट्ट लावलं.

सोहळा थाटात झाला. माईंना जरीकाठी नेसवलं, खुर्चीत बसवलं, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. दिव्यांच्या उजेडात त्यांचं तोंड आणखीच खोल दिसत होतं. मुकुंदभाऊ सकाळच्या गाडीनं आले होते, संध्याकाळच्या गाडीनं जाणार होते. चांगला माणूस, आईचे पाय चेपत खाली बसलेला. माईंची नजर मात्र माझ्यावरच. मी जिथं जाईन तिथं. स्वयंपाकघरात गेले की त्यांची मान वर व्हायची, रिकाम्या हातानं आले की खाली पडायची. मी चारदा गेले आणि चारदा आले.

जेवणं झाल्यावर बाई म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरातली खरी जादू बघा. हौसा, साखरला आण."

मी साखरला घेऊन माईंच्या समोरच बसले. ब्रश काढला. "आऽऽ." साखरनं तोंड उघडलं. मी वरचे, खालचे, मागचे, सगळे दात घासले आणि ती मांडीत लोण्याचा गोळा झाली. बायका 'अगं बाई, अगं बाई' करताहेत. डॉक्टरही आले होते, ते म्हणाले, असं मांजर मी सांगलीत बघितलं नाही. टाळ्या.

टाळ्या थांबल्या आणि माझं लक्ष वर गेलं. माईंनीही तोंड उघडलं होतं. जेवढं उघडता येईल तेवढं. मान जरा पुढं, डोळे माझ्याकडं, अजिबात हलत नव्हत्या. गुलाबी हिरड्या दिसत होत्या. वाट बघत होत्या त्या, मी कवळी घालायची.

"अरे, आईला पण ब्रश हवाय!" मुकुंदभाऊ हसले. सगळे हसले. त्यांनी ताटातला पेढा उचलला आणि त्या उघड्या तोंडात ठेवला.

माईंनी तो गालात ढकलला. मुकुंदभाऊंचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि बोलल्या. फसफस झाली, पेढा उडाला, पण मला स्वच्छ ऐकू आलं. मला ने. मला ने रे. ने.

मुकुंदभाऊ हसायचे थांबले. त्यांनी बाईंकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "हौसाबाई, तुम्ही दिवसभर असता हिच्याजवळ. तुम्हाला कळतं ना हिचं? खरं सांगा, काय म्हणतेय आई?"

माईंनी मान जोरजोरात हलवली, सांग, सांग म्हणून. बाई माझ्याकडं बघत होत्या. आणि मला दिसत होता तो पत्रा, तो नळ, आणि भावजयीचा उंबरा.

"पेढा गोड आहे म्हणतायत," मी म्हणाले.

माईंच्या मुठी सुटल्या. मुकुंदभाऊंनी डोळे पुसले, आईच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "वहिनी, ती इथंच सुखात आहे." सहाच्या गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कागद दिला. खोली हौसाबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहायला, खाली सही. मी पाया पडले. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या खोकल्याच्या बाटलीतलं संपलं असेल तर शनिवारी पुन्हा कर. सुकट निवडून घे पण. मागच्या वेळी वाळू लागली होती तिच्या दातांना."

"बाई, तुम्हाला..."

"मला नाक नाही? पहिल्याच दिवशी कळलं. माझी मांजर वाचत होती, मी कशाला विचारू?"

म्हणजे मासळीचं माई शंभर वेळा बोलल्या असत्या तरी माझं काही जाणार नव्हतं. देव होते त्याच जागी, मासा पण त्याच जागी. दातांची धमकी होती ती होतीच, पण मी ज्या भीतीपायी माईंचा गळा कापला, ती मासळीची भीती खोटीच निघाली. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि तोंडात पदर कोंबून रडले. मग अकराला माईंची पेज घेऊन गेले, कारण पेजेची वेळ झाली होती.

त्यानंतर माईंनी दात कधीच मागितले नाहीत. मला ने म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. मी वाटी घेऊन दारात आले की, मी काही बोलायच्या आधीच, तोंड उघडून ठेवायच्या. भरवा, पुसा, औषध घाला, काहीही. मला वाटायचं शिवी द्यावी त्यांनी एखादी. भवाने म्हणावं. कितीतरी वेळा मी मुद्दाम हात न धुता गेले.

चैत्रात गेल्या, दुपारी. मी विहिरीवर कपडे धुत होते, येऊन बघते तर गार. बाईंनी मुकुंदभाऊंना फोन केला, मग फळीवरची बाटली घेऊन आल्या.

"तोंड फार बसलंय. भावजी येतील, लोक येतील, बरं दिसणार नाही. कवळी घाल. तुझा हात हलका आहे."

मी खाटेवर बसले. गेले सात महिने दर गुरुवारी पाणी बदललेली ती कवळी, स्वच्छ, पांढरी. गालाला हात लावला. ओठ वर केला. जबडा आवळला होता. मी बोट घालायला गेले, जाईना. हनुवटी धरली, दाबली.

"घाई करू नकोस," बाई मागून म्हणाल्या.

"माई," मी म्हणाले, "आ करा. माई, आ करा ना." साखर खाटेच्या पायथ्याशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. माईंनी नाही उघडलं.